वेंगुर्ल्याचे खडक आणि पाकोळीचे घरटे

१ मे १९८१ या दिवशी महाराष्ट्राच्या नकाशावर दोन नवे जिल्हे दिसू लागले. तेव्हाच्या औरंगाबादमधून (आताचे छत्रपती संभाजीनगर) आमचा जालना जिल्हा वेगळा झाला आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग. एकाच दिवशी जन्मलेल्या या दोन भावंडांत एकाच्या अंगणात समुद्र आहे, तर दुसऱ्याला तो सरळ रेषेत मोजला तरी सव्वातीनशे किलोमीटर दूर आहे. त्यामुळे जालन्याच्या वर्गात ‘चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट’ ही व्याख्या पाठ होते, पण बेटाचे पुढे काय होते, ते कोणाच्या उपयोगी पडते, हा विचार सहसा होत नाही. ‘नैसर्गिक साधनसंपत्ती’ हा धडाही असाच जंगल, खनिजे, पाणी, मासे अशी यादी सांगून संपतो.

या लेखात आपण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका लहानशा बेटसमूहाचा इतिहास पाहणार आहोत. तो पाहताना साधनसंपत्ती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. आणि त्याचे उत्तर समुद्राइतकेच आमच्या जालन्याच्या विहिरींनाही लागू पडते, असे आम्हाला वाटते.

नकाशावर कोठे?

वेंगुर्ला शहरापासून वायव्येला, सुमारे १४ किलोमीटरवर भर समुद्रात लहानमोठ्या वीसेक खडकाळ बेटांची एक रांग आहे. रांगेची लांबी जेमतेम पाच किलोमीटर. १५ अंश ५३ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७३ अंश २७ मिनिटे पूर्व रेखांश हा तिचा पत्ता. इंग्रजी नकाशांत त्यांना ‘वेंगुर्ला रॉक्स’ किंवा ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटे, म्हणतात. पोर्तुगीज खलाशीही त्यांना याच अर्थाच्या नावाने ओळखत. समोरच्या निवती गावावरून ‘निवती रॉक’ हे नावही रूढ आहे. बेटांवर गाव नाही, शेती नाही. माणसाचा वावर काय तो दीपगृहापुरता. धक्का नसल्याने होडीतून खडकावर उडी घेणे हाच उतरण्याचा मार्ग, आणि पावसाळ्यात तोही बंद.

ही बेटे आली कोठून? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी हिमनद्यांत अडकून पडले होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता आणि आजची ही बेटे जमिनीवरच्या टेकड्या होत्या. बर्फ वितळले, पाणी चढले, खोलगट भाग बुडाला आणि टेकड्यांचे माथे तेवढे उरले. कोकण किनाऱ्याजवळच्या बहुतेक बेटांची जन्मकथा अशीच आहे.

खडकांच्या बाबतीतही जालना आणि वेंगुर्ला यांत फरक आहे. जालन्यात कोठेही विहीर खणा, काळा बेसाल्टच लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड. सिंधुदुर्गच्या दक्षिणेकडे जाताना हे काळे आवरण संपते आणि त्याहून कितीतरी जुने, अब्जावधी वर्षांचे खडक उघडे पडतात. वेंगुर्ला तालुका याच जुन्या मुलखात येतो. रेडीचे लोहखनिज मिळते तेही इथेच.

एका पुस्तकातील दोन नोंदी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि भारताचा पश्चिम किनारा यांची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पण नजर पक्की व्यापाऱ्याची आहे. कोणत्या बंदरात काय विकत मिळते, काय खपते आणि धोका कोठे आहे, एवढेच तो पाहतो.

या पुस्तकात आमच्या शेजारचे पैठण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ते आहे आणि तेथून अकीकासारखे दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांमधून भडोचला येतात, असे तो नोंदवतो. हे दगड बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार होतात. आमच्या शेतांत नांगराला लागणाऱ्या गारगोट्या त्यांच्याच गणगोतातल्या. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी लाव्हाच्या या दगडातली गारगोटी साधनसंपत्ती होती आणि तिला समुद्रापार गिऱ्हाईक होते.

त्याच पुस्तकात किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना ‘सेसेक्रिएनाय’ नावाच्या बेटांचा उल्लेख येतो. १९१२ साली पेरिप्लसचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या डब्ल्यू. एच. शॉफ यांच्या मते ही बहुधा वेंगुर्ल्याचीच बेटे असावीत. तेथे काय मिळते, याबद्दल व्यापारी एक अक्षर लिहीत नाही. त्या परिसरात चाचे आहेत, एवढेच बजावतो.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. पैठणकडे होती ती साधनसंपत्ती आणि बेटांकडे होता तो धोका. बेटांवरचे पक्षी, गुहा, भोवतालचे मासे त्या वेळीही होतेच. पण व्यापाऱ्याच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

दिवा आणि मक्ता

सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांनी वखार घातली. तिचे अवशेष आजही गावात उभे आहेत. १८१२ साली सावंतवाडीच्या राणीकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे गेले. पुढे आंबोली घाटातून बेळगावला जाणारा रस्ता झाला आणि हे बंदर घाटमाथ्यावरच्या मालाचे दार बनले. आगबोटींची ये-जा वाढली, तसा समुद्रातल्या या खडकांचा प्रश्न गंभीर झाला. रात्री किंवा धुक्यात वीस खडकांची रांग म्हणजे जहाजाला सापळाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकांवर दीपगृह उभे राहिले. नंतर ते दुसऱ्या बेटावर हलवले गेले, म्हणून यांतल्या एकाला ‘जुन्या दीपगृहाचे बेट’ असे नाव पडले आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगावकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. दिवा मात्र राहिला.

या जुन्या दीपगृहाच्या बेटावर समुद्राच्या लाटांनी कोरलेली एक अंधारी गुहा आहे आणि तिच्यात पाकोळ्यांची वसाहत आहे. या पाकोळीच्या घरट्याला चीनमध्ये शतकानुशतके मागणी आहे. ते शिजवून सूप करतात आणि औषधी म्हणून पितात. टी. सी. जर्डन यांच्या १८६२ सालच्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात या खडकांवरच्या घरट्यांचा उल्लेख आहे. त्या काळात ही घरटी काढण्याचा हक्क सरकार दरवर्षी मक्त्याने देत असे. ताडीचा, नदीच्या उताराचा, तसा हा घरट्यांचा मक्ता. महसुली दप्तरात बेटांना प्रथमच एक रकाना मिळाला.

याच सुमारास, १८७५ साली, ए. ओ. ह्यूम पश्चिम किनाऱ्यावरची बेटे पाहण्यासाठी निघाले. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. ते आपल्या काळातले भारतीय पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्षिविषयक नियतकालिक चालवीत. लक्षद्वीप आणि किनाऱ्यालगतची बेटे यांवरचा त्यांचा दीर्घ वृत्तांत १८७६ साली त्यात आला. खलाशी आणि महसूल अधिकारी यांच्यानंतर बेटांकडे पाहणारी ही तिसरी नजर निसर्ग-अभ्यासकाची होती.

थुंकीचे घर

ज्या घरट्याचा मक्ता दिला जाई, ते कसे असते ते पाहू. पाकोळी (शास्त्रीय नाव एरोड्रॅमस युनिकलर) हा जेमतेम १२ सेंटिमीटर लांबीचा, करड्या-तपकिरी रंगाचा पक्षी. पश्चिम घाट, किनाऱ्यावरची बेटे आणि श्रीलंका एवढाच त्याचा मुलूख. दिवसभर उडत राहून हवेतले लहान कीटक टिपणे हा त्याचा उद्योग. पाय इतके आखूड की चिमणीसारखे फांदीवर बसणे जमत नाही. तो खडकाला नखांनी लटकतो.

गुहेच्या काळोखात तो वाट शोधतो ती प्रतिध्वनीवरून. तोंडाने ‘टिक्‌टिक्‌’ असा आवाज काढतो आणि भिंतीवरून परत आलेल्या आवाजावरून अंतर ओळखतो. वटवाघळाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, कारण त्याची वारंवारता फार जास्त असते. पाकोळीची टिकटिक मात्र आपल्या कानाला ऐकू येते. प्रतिध्वनी शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

घरट्यासाठी पाकोळी लाळ वापरते. विणीच्या हंगामात तिच्या लाळग्रंथी फुगतात. चिकट लाळेचे धागे ती खडकावर एकावर एक चढवते आणि हवेत ते वाळून घट्ट होतात. अशी अर्ध्या वाटीच्या आकाराची घडण तयार होते. आग्नेय आशियातल्या एका जातीचे घरटे जवळजवळ शुद्ध लाळेचे, पांढरे असते. त्याला सर्वांत जास्त भाव मिळतो. आपल्या पाकोळीच्या घरट्यात पिसे आणि गवतकाड्या मिसळलेल्या असतात, म्हणून ते कमी प्रतीचे मानतात. वाळलेल्या लाळेत निम्म्याहून अधिक प्रथिने असतात हे खरे. पण प्रथिनांसाठी डाळ आणि अंडी यांहून तिचा काही विशेष पाड लागतो असे नाही. किंमत आहे ती परंपरेची आणि दुर्मीळतेची.

मोजणारे, तोडणारे आणि राखणारे

विसाव्या शतकात या बेटांचा नव्याने अभ्यास केला तो हुमायून अब्दुलअली (१९१४-२००१) यांनी. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४० आणि १९४२ साली त्यांनी वेंगुर्ल्याच्या खडकांवरील दोन भेटींचे वृत्तांत लिहिले. पाकोळ्यांबरोबरच इथे घरटी करणाऱ्या सुरय पक्ष्यांकडेही त्यांनी लक्ष वेधले. ब्रायडल्ड टर्न या नावाचा सुरय खुल्या समुद्रात राहणारा आहे. जमिनीवर तो येतो तो केवळ अंडी घालण्यासाठी, आणि त्यासाठी त्याला उंदीर-मांजरे नसलेले निर्जन बेटच लागते. आपल्या किनाऱ्यावर अशी बेटे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आपल्याला ओसाड वाटणारा खडक सुरयाला मात्र दुसरीकडे न मिळणारा पाळणा आहे. म्हणूनच भारतातील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत या बेटांना जागा मिळाली आहे.

पण गुहेतल्या घरट्यांचा व्यापार संपला नव्हता. मक्ता बंद झाला तरी मागणी होती, आणि मागणी असली की चोरवाट निघते. २००१ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेमुळे हे प्रकरण उजेडात आले. घरटी काढता यावीत म्हणून गुहेत बांबूचे परांचे बांधलेले आढळले. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनविभागाच्या मदतीने गुहेवर नजर ठेवण्याचे काम हाती घेतले. पाकोळीला नंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, स्थान मिळाले.

इथे एक शंका सुज्ञ विद्यार्थी नक्की विचारील. मासे आपण पकडतो, मध काढतो, मग घरटे काढले तर बिघडले कोठे? शंका रास्त आहे. उत्तर देण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

वेगाचे गणित

आग्नेय आशियातल्या पांढऱ्या घरट्याच्या पाकोळीवर पुष्कळ अभ्यास झाला आहे, म्हणून उदाहरणासाठी तिचे ढोबळ आकडे घेऊ. घरटे बांधायला सुमारे ३५ दिवस, अंडी उबवायला सुमारे २५ दिवस, पिल्लू उडायला लागेपर्यंत सुमारे ४५ दिवस. एकूण १०५ दिवस, म्हणजे साडेतीन महिने. आता समजा, कोकणातल्या एखाद्या जोडीने फेब्रुवारीच्या मध्याला काम सुरू केले. तिचे पिल्लू मेअखेरीस उडेल. कोकणात मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो. बांधून होताच घरटे कोणी काढून नेले, तर पुन्हा ३५ दिवस लागतील आणि पिल्लू जुलैच्या सुरुवातीला, ऐन वादळवाऱ्यात, बाहेर पडेल. दुसऱ्यांदा नेले तर त्या वर्षीचे पिल्लू गेलेच. किलोभर मालाला साधारण शंभर घरटी लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणजे प्रश्न ‘घ्यावे की घेऊ नये’ एवढाच उरत नाही. केव्हा आणि किती वेगाने घ्यावे, हा खरा प्रश्न आहे. पिल्ले उडून गेल्यावर रिकामे घरटे काढले तर पक्ष्याचे नुकसान फार थोडे होते. अंदमानात गुहांना राखण बसवून याच तत्त्वावर प्रयोग झाले. इंडोनेशिया आणि मलेशियात तर पाकोळ्यांसाठी खास इमारती बांधतात आणि घरटी तेथून काढतात. पण तेथेही संयम पाळावा लागतो. भाव चढला की शेजारचा अगोदर नेईल या भीतीने प्रत्येक जण घाई करतो, आणि घाईत अंडी-पिल्लांसकट घरटे जाते. वेंगुर्ल्याला तर मुळात गुहेतली एक मर्यादित वसाहत, पक्ष्याचा मुलूख छोटा आणि माल कमी प्रतीचा. इथे घेण्याजोगा वेग जवळजवळ शून्यच निघतो. कायद्याने ‘हात लावू नका’ म्हटले, त्यामागे हे गणित आहे.

साधनसंपत्तीचे ‘पुन्हा निर्माण होणारी’ आणि ‘न होणारी’ असे दोन वर्ग आपण शिकवतो. पाकोळीचे घरटे पहिल्या वर्गातले. पण त्याला किती काळ लागतो हे न सांगता नुसते ‘पुन्हा निर्माण होते’ म्हटले, तर ते अर्धसत्य ठरते. परांचे बांधणाऱ्यानेही तेच गृहीत धरले होते.

जालन्याच्या विहिरी

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. जालन्यात वर्षाला सरासरी सुमारे ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. बेसाल्टच्या मुलखात त्यातला फार थोडा भाग खोल मुरतो. भूजलाच्या हिशेबात तो ढोबळ मानाने सात ते चौदा टक्के धरतात. दहा टक्के धरले तर ७०० मिलिमीटरपैकी ७० मिलिमीटर. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर; त्यावर ०.०७ मीटर पाणी म्हणजे ७०० घनमीटर, अर्थात सात लाख लिटर. हेक्टरमागे वर्षाकाठी खडकाच्या भेगांत आणि मुरमात पडणारी भर एवढीच. उन्हाळ्यात हिरव्या राहणाऱ्या मोसंबीच्या बागेची वर्षाची गरज याच्या कित्येक पट असते. म्हणजे एक बाग जगते ती आजूबाजूच्या अनेक हेक्टरांवरच्या पावसावर.

जालन्याची मोसंबी नावाजलेली आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच बागा डोळ्यांदेखत वाळल्या. शेतकऱ्यांनी टँकर लावले, विंधनविहिरी आणखी खोल नेल्या, आणि तरीही कित्येकांना झाडे तोडावी लागली. ही मेहनती माणसे होती. त्यांच्या डोक्यावर कर्ज होते आणि शेजारच्या विंधनविहिरीच्या स्पर्धेत मागे राहणे त्यांना परवडणारे नव्हते. गुहेतल्या घाईचे आणि या खोल जाण्याचे मूळ एकच. पाणी ‘पुन्हा निर्माण होणारे’ खरे, पण वर्षाला सत्तर मिलिमीटर या वेगाने. आणि गुहेला राखणदार मिळाला तसा भूजलाला मिळणे अवघड, कारण ते दिसत नाही आणि गावातली प्रत्येक विहीर म्हणजे त्याच साठ्याचे वेगळे तोंड असते.

आजची नवी नजर

वेंगुर्ल्याच्या खडकांकडे आता आणखी एक नजर वळली आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका २०२५ साली राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. निवती रॉकजवळ ती समुद्रतळाशी ठेवायची, तिच्यावर प्रवाळ आणि मासे वाढू द्यायचे आणि पर्यटकांना हे पाण्याखालचे संग्रहालय दाखवायचे, असा बेत ठरला. कोकणातल्या तरुणांना यातून रोजगार मिळेल, ही आशा खोटी नाही. बेटांभोवतालचे पाणी आणि त्यातले दृश्य हीच आता साधनसंपत्ती झाली आहे. पण इथेही जुनाच प्रश्न विचारावा लागेल. दिवसाला किती होड्या? सुरय आणि पाकोळी यांच्या विणीच्या महिन्यांत काय? आणि होड्या कोण मोजणार?

शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात एक तक्ता करून पाहावा. उभ्या रकान्यांत खलाशी, महसूल अधिकारी, पक्षी-अभ्यासक, घरटी चोरणारा, मच्छीमार आणि पर्यटन व्यावसायिक यांची नावे लिहावीत. प्रत्येकाला बेटांत काय दिसते, तो काय घेतो, ते भरून यायला किती काळ लागतो आणि त्यावर नजर कोण ठेवतो, हे चार प्रश्न आडव्या ओळींत विचारावेत. मग तोच तक्ता गावातल्या एका विहिरीसाठी करावा. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये तिची पाण्याची पातळी दोरी सोडून मोजावी, तारीख घालून वहीत लिहावी, आणि ही वही पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्यावी. दहा वर्षांत त्या वहीत जे जमेल, ते गावाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.